आतल्या बाजूचं फूल

बन्सीधर उदावंतांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं सेलूच्या सराफ गल्लीत म्हणत. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो, त्यामुळे मला दोन्हींचा अनुभव आहे. भिंत बरी. तिच्यावर निदान आवाज तरी घुमतो.

जातीनं सोनार, पण बन्सीधरकाका दागिने घडवत नसत. ते ठसे कोरत. पोलादाच्या ठोकळ्यात फूल, पान, मोर खोदायचा, तोही उलटा. दागिन्यावर जे वर उठून दिसायला हवं ते ठशात खोल जातं, उजवं ते डावं होतं. सोनार ठशावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवतो, त्यावर शिसं ठेवून हातोडा मारतो आणि पत्र्यावर सुलटं फूल उठतं. मग दागिना मिरवायला जातो, नाव सोनाराचं होतं आणि ठसा तेलकट फडक्यात गुंडाळून फळीवर पडतो. जिंतूर, मानवत, पाथरीपर्यंत बायकांच्या गळ्यात काकांची फुलं होती. त्यातल्या एकीलाही त्यांचं नाव माहीत नव्हतं, आणि काकांना त्याचं काही वाटत असेल तर ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

घरात ते एकटेच. बायको चतुराबाई गेली तेव्हा मुलगी कस्तुरा शाळेत होती. चतुराबाईचे भाऊ व्यंकटराव परभणीहून आले आणि म्हणाले, "दाजी, पोरीचे हाल व्हतील. मी नेतो." काकांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पोर मामाच्या घरी गेली. दिवाळीला यायची, चार दिवस राहायची. बाप-लेकीचं संभाषण मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "जेवलीस का?" "हो." "गाडी कवाची हाय?" "सकाळची." झालं. पुढं दिवसभर ठोकठोक. मला भयंकर राग यायचा. वाटायचं, उठावं आणि सांगावं, अहो, पोलादाला एवढं जपता, पोरीशी दोन शब्द बोला. पण दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नये असं बायको म्हणायची, आणि तिचं ऐकायची मला तेव्हा सवय होती.

मग काकांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, मग छिन्नी सरकायला लागली. ठशातल्या मोराची मान एकदा तुटली, तेव्हा त्यांनी तो ठोकळा बराच वेळ हातात धरून ठेवला आणि परत फळीवर ठेवला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कंप काही जाईना. गल्लीतले लोक म्हणाले, आता बसा निवांत. निवांत बसायला सोबत लागते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यांचा एक मावसभाऊ मुंबईला, परदेशात दागिने पाठवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. तिथं नवीन मोठं यंत्र आलं म्हणून जुनं छोटं काढून टाकलं होतं. हे यंत्र मेण कोरायचं. संगणकात आकडे भरायचे, की सुईसारखं पातं गरगर फिरत मेणाच्या वडीतून दागिना कोरून काढतं. मग त्या मेणाभोवती पांढरी माती ओतायची, भट्टीत मेण जाळून काढायचं आणि रिकाम्या जागेत सोनं ओतायचं. मेण जसं, तसं सोनं. मावसभाऊ सहज बोलून गेला आणि काकांनी ते धरून ठेवलं. बोलत नसत पण हट्टाला कमी नव्हते. ब्याण्णवच्या दसऱ्यानंतर रेल्वेतून तीन खोकी उतरली: एकात यंत्र, दुसऱ्यात संगणक, तिसऱ्यात हिरव्या मेणाच्या वड्या. तोवर सेलूत संगणक कुणी पाहिला असेल तर तो वर्तमानपत्रातल्या चित्रात.

मी परभणीला कृषी विद्यापीठात कारकून. आमच्याकडे संगणकाची एक खोली होती. तिथं चपला बाहेर काढून जायचं, आत मोठ्यानं बोलायचं नाही, साहेबांच्या परवानगीशिवाय कशाला बोट लावायचं नाही. महादेवाच्या गाभाऱ्यात याहून मोकळीक असते. तिथं मी पगाराचे तक्ते भरायचो. एवढ्या भांडवलावर काकांनी मला गुरू केलं. "दिनकरराव, तेवढं इंग्रजीचं तुमी बगा," एवढंच म्हणाले. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी माझी गत होती. सोबत एक पुस्तक आलं होतं, ते मी रोज परभणीला जाता-येता गाडीत वाचायला लागलो.

काकांनी खोलीला प्लास्टिकचा कागद लावला आणि दाराशी चपला काढायचा नियम केला. मीच तो विद्यापीठातला नियम सांगितला होता, आता माझ्यावरच उलटला. ते आलेखाच्या कागदावर चित्र काढायचे. हात थरथरायचा, म्हणून रेघ न काढता नुसते ठिपके द्यायचे, थांबून थांबून. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: किती आडवं, किती उभं, किती खोल. मी संध्याकाळी येऊन ते आकडे भरायचो. हिरव्या अक्षरांचा काळा पडदा, त्यावर नुसत्या रेघा दिसायच्या.

पहिल्याच दिवशी पातं वडीच्या वर थांबायला हवं ते थेट आत घुसलं आणि मोडलं. मेणाच्या माथ्याला शून्य धरायचं असतं, मी वडीखालच्या लोखंडी पाट्याला धरलं होतं. दुसऱ्या खेपेला निम्मं पान कोरून झालं आणि पुढचं निम्मं बोटभर बाजूला सरकून उमटलं. यात माझी काही चूक नव्हती. तो कापसाचा हंगाम. जिनिंगवाले सगळे एकदम चालू झाले की आमच्या गल्लीतले दिवे डोळे मिचकावायचे आणि यंत्र आपण कुठं होतो ते विसरायचं. तेव्हापासून जिनिंग बंद असेल त्या दिवशीच काका यंत्र सुरू करायचे. एरवी त्याच्यासमोर नुसते बसून राहायचे. मी कामावरून आलो की खिडकीतून दिसायचे: स्टुलावर काका, समोर बंद यंत्र, मांडीवर एकमेकांना धरून ठेवलेले दोन हात.

मग एका रविवारी फूल नीट उतरलं. आठ पाकळ्यांचं, चतुराबाईच्या मंगळसूत्राच्या वाटीवर होतं तसं. नीट म्हणजे रेघेला रेघ जुळली. पण फूल वर उठण्याऐवजी मेणात खोल गेलं होतं. काका यंत्रावर खवळले. "उलट्या काळजाचं हाय हे!" मी त्यांना समजावलं, की काका, यंत्र सरळ आहे, उलटे तुम्ही आहात. तुम्ही आयुष्यभर जे हवं ते खोदलं. इथं जे हवं ते ठेवायचं आणि बाकीचं खोदायचं. त्यांनी ते ऐकून घेतलं. सोनारानं कान टोचावेत म्हणतात. मी सोनाराचेच टोचले म्हणून घरी जाऊन बायकोला बढाई मारली. पुढच्या वेळी फूल वर उठलं, टपोरं, पाकळी न् पाकळी सुटी. काकांनी ते मेण खिडकीत ठेवलं आणि त्या दिवशी स्वतःहून आमच्याकडे चहाला आले. बोलले काही नाही, पण आले.

त्याच सुमारास व्यंकटरावांनी कस्तुराचं लग्न ठरवलं. मुलगा जिंतूरचा, शाळामास्तर. व्यंकटराव सांगायला सेलूला आले तेव्हा मी तिथं होतो. "दाजी, सगळं मी बगतो. तुमी फकस्त या," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण बापाला पाव्हण्यासारखं बोलावणं बरं का?

काका म्हणाले, "माहेरची वाटी म्या करणार."

मंगळसूत्राच्या दोन वाट्या असतात. एक सासरची, एक माहेरची. सोनाराच्या घरात माहेरची वाटी बापाच्या हातची असावी, अशी रीत. आईविना मामाकडे वाढलेल्या लेकीसाठी काकांनी आजवर काय केलं होतं? फी मामानं भरली, कपडे मामीनं शिवले, स्थळ मामानं शोधलं. आता ही एक वाटी उरली होती. ती तिच्या गळ्यात गेली तर बाप म्हणून काही तरी त्यांच्या नावावर राहणार होतं. व्यंकटरावांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "करा की. मी बी एक तयार घिऊन ठिवतो. असू द्या जवळ."

हे बोलणं काकांना लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला आकडे भरू दिले नाहीत. "म्या भरतो," म्हणाले. एका बोटानं, थरथरत, चुकीची कळ दाबली की परत मागं जाऊन. मी ऑफिसात असताना त्यांनी वाटीचं सगळं काम एकट्यानं केलं. आधी वडीच्या एका बाजूनं, मग वडी उलटून दुसऱ्या बाजूनं. चैत्र संपता संपता ते मेण एका डबीत कापसावर ठेवून माझ्याबरोबर गाडीनं परभणीला निघाले. डबी त्यांनी मला उघडू दिली नाही.

सोनं ओतायचं काम तात्यारावाकडे होतं. तात्याराव स्टेशनजवळ दातांच्या टोप्या ओतायचा, माझीही एक त्यानंच केलेली. मेण जाळून धातू ओतायची त्याची रीत हीच, फक्त दागिन्याच्या जागी दाढ. परभणीतल्या सराफांनी "असलं आमच्यात न्हाई करत" म्हणून हात झटकले होते. तात्याराव बौद्धवाड्यातला. त्यानं डबी घेण्याआधी काकांना सरळ विचारलं, "काका, लग्नाची वाटी हाय. माझ्या हातची चालंल का घरच्यांला?"

"माझ्या लेकीची हाय," काका म्हणाले. "म्या आणलीय."

तात्याराव हसला. "मग द्या. पण मला दाताचं कळतं, दागिन्याचं न्हाई. जसं मेण तसंच सोनं येणार. चूक असली तर चुकीसकट."

आठवड्यानं वाटी आली. काकांनी घासून पुसून लखलखीत केली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, काही दाखवायला म्हणून आमच्या दारात आले. माझ्या बायकोनं वाटी तळहातावर घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाली, "काका, फूल आतल्या बाजूला कसं?"

बाहेरून वाटी साफ गुळगुळीत होती. फूल होतं, टपोरं आणि देखणं, पण पोकळीत, जी बाजू गळ्याला टेकते तिथं. चाळीस वर्षं काकांनी वाटीची आतलीच बाजू कोरली होती. ठसा कोरणाऱ्यासमोर नेहमी पोकळीच असते. खोलचं वर करायला ते शिकले, पण आतलं बाहेर करायचं राहूनच गेलं. मेण हातात असताना त्यांना ते बरोबर दिसलं, कारण त्यांच्या डोळ्यांना फूल कायम तिथंच दिसत आलं होतं. काकांनी वाटी तिच्या हातातून घेतली, खिशात घातली आणि घरी गेले. मी त्या दिवशी त्यांच्यासाठी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

परभणीला लग्नघरात, आतल्या खोलीत बायका काळ्या मण्यांची पोत ओवत होत्या. व्यंकटराव दाराशी आले. "दाजी, आणली का वाटी?"

मांडवाच्या खांबाला टेकून काका उभे होते, हात खिशात. "न्हाई झाली," ते म्हणाले. "तुमचीच घाला."

माझं डोकं फिरलं. बायकोनं कोपर मारलं, तरी मी आत शिरलो आणि नवरीलाच सांगितलं, "कस्तुरा, तुझे वडील खोटं बोलताहेत. वाटी त्यांच्या खिशात आहे."

कस्तुरा मुंडावळ्यांसकट उठून बाहेर आली. बापासमोर उभी राहिली आणि हात पसरला. काकांनी खाली बघत वाटी तिच्या हातावर ठेवली. बायका गोळा झाल्या. "अगं बाई, फूल आतून!" कुणीतरी फिसकन हसलं. व्यंकटराव खिशातली तयार वाटी काढायला लागले, तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई बायनाबाई पुढं आल्या. जाडजूड, करड्या आवाजाची बाई. त्यांनी वाटी उचलून बारकाईनं पाहिली.

"हसायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "नवी नवरी वाट्या उलट्याच घालती न्हवं? पहिली सक्रांत व्हईपस्तोर पोकळ बाजूच वर. तवर तर फूल सगळ्यांला दिसल. पुढचं पुढं बगू. ववा गं."

ओवली. कस्तुराच्या गळ्यात ते आठ पाकळ्यांचं फूल वर आलं आणि खरं सांगतो, सासरची वाटी त्यापुढं फिकी दिसली.

काका सेलूला परतले. घर होतं तसंच. गंमत म्हणजे लग्नात पाहिलेल्या दोन-तीन बायका "आतून फुलाची वाटी" करून मागायला आल्या. "तसली व्हत न्हाई," म्हणून काकांनी त्यांना वाटेला लावलं. पण यंत्र चालू झालं. संक्रांतीला लेक माहेरी यायची, माझ्या बायकोनं तिच्या वाट्या सुलट करायच्या, असं ठरलं होतं. त्या दिवशी फूल आत जाणार आणि वर गुळगुळीत पाठ येणार. त्याआधी काकांना दुसरी वाटी करायची होती, फूल बाहेरून असलेली. स्वतःच्या बोटातली अंगठी त्यांनी तात्यारावाला वितळायला दिली. सात-आठ महिने ते त्या एका वाटीपाशी बसले. जिंतूर काही लांब नाही, पण ते गेले नाहीत. का गेले नाहीत विचारलं तर म्हणाले, "रिकाम्या हातानं काय जावं."

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय जाहीर झाला. आमच्या नव्हे, औरंगाबादच्या. आदल्या दिवशीच तात्यारावानं स्टेशनावर मला पेढा दिला. बातमी येण्याआधीच त्याला खात्री झाली होती. दुसरीकडे दंगलीच्या धास्तीनं एसट्या बंद झाल्या होत्या. कस्तुरा जिंतूरहून देवगाव फाट्याला उतरून सेलूची गाडी धरणार होती. काकांना मी सांगितलं, की आज कुठलीही एसटी नाही. त्यांनी ऐकलं आणि कुणाच्या तरी बैलगाडीत बसून फाट्यावर गेले. दिवसभर तिथं रिकाम्या रस्त्याच्या कडेला बसले. दिवेलागणीला परत आले. तिळगूळ घ्यायलाही थांबले नाहीत.

वाट्या जिंतूरलाच सुलट झाल्या, बायनाबाईंच्या हातानं.

फाल्गुनात कस्तुरा आली. दुपारची वेळ, मी रजेवर होतो. बायको चहा घेऊन काकांकडे गेली, मीही मागोमाग. पोरीच्या गळ्यात सासरची वाटी फुलांची आणि माहेरची गुळगुळीत, जोड अगदीच विजोड. काकांनी डबी उघडून नवी वाटी तिच्यापुढं ठेवली. फूल बाहेर, सगळं सुलट, काही नाव ठेवायला जागा नाही.

कस्तुरानं ती हातात घेतली. "लय चांगली झाली, बाबा. पण मला न्हाई बदलायची."

"लोक हसत असत्याल."

"हसतेत की."

"मंग?"

तिनं नुसता उजव्या हाताचा अंगठा पुढं केला. अंगठ्याच्या पेरावर आठ पाकळ्या उमटल्या होत्या, लालसर, स्पष्ट. गाडीत बसल्यापासून ती वाटीत अंगठा दाबून बसली असावी. पाकळ्यांच्या कडेची कातडी जरा निबर झाली होती, म्हणजे हे एका दिवसाचं नव्हतं.

काकांनी तिचा अंगठा धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून तिनंच दुसऱ्या हातानं ते धरले.

"एवढं खोल उठायला लय दाबावं लागतं," ते म्हणाले. मग जेवण आणि गाडी सोडून मी ऐकलेला पहिला प्रश्न त्यांनी तिला विचारला. "करमत न्हाई का गं तुला तिथं?"

कस्तुराची मान खाली गेली. मग तिनं विचारलं, "तुमाला इथं करमतंय का?"

बायको माझी बाही ओढत होती, बाहेर चला म्हणून. माझा पाय निघेना.

"न्हाई," काका म्हणाले. "तू गेलीस तवापसून कदीच करमलं न्हाई."